दुखतंय ते सांगणार कुणाला?



म्हाताऱ्या, लंगड्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन ‘झोपवायचं’ का, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा निघत नाही. निघालाच तर एका वाक्यात मिटतो. पंचेंद्रिय जीव आहे, आपण तसलं काही करायचं नाही. सल्लेखना ज्याची त्यानं समजून-उमजून घ्यायची असते, ती मुक्या जिवावर दुसऱ्यानं लादता येत नाही. माझंही मत हेच आहे. पण या ‘नाही’नंतर आपण काय करतो? ‘वय झालंय’, ‘असाता वेदनीयाचा उदय, भोगायलाच हवा’ असं म्हणून त्याला जिन्याखाली पोत्यावर टाकतो. स्वतःचा गुडघा ठणकला की मात्र कर्माचा उदय आठवत नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावतो.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे खातं अर्धवट लिहिल्यासारखं वाटतं. मारणार नाही हे पुण्य जमेला लिहिलंत ना? मग त्याच दिवसापासून त्याच्या दुखण्याचा खर्च, जाग्रण, डॉक्टरकडच्या खेपा हे सगळं नावे पडलं. जीवदयेच्या पेटीत पैसे टाकून ती बाजू भरून निघत नाही.

मुळात दुखतंय हेच कळत नाही. सांधेदुखीनं कुत्रं केकाटत नाही. सकाळी उठायला वेळ लावतं, पहिली काही पावलं आखडून टाकतं, जिन्यापाशी थांबतं, एकच सांधा चाटत बसतं, नातवानं कमरेवर हात टाकला की गुरगुरतं. मांजर तर लंगडतसुद्धा नाही. फक्त कपाटावर चढणं सोडते, पाठ चाटून साफ करत नाही म्हणून केसांच्या गुठळ्या होतात, आणि ट्रेच्या बाहेर घाण करते. आपण तिला रागावतो. ट्रेची उंच कड ओलांडताना तिची कंबर दुखते हे डोक्यात येत नाही. अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासून २००२ साली निष्कर्ष छापले होते. त्यात ९० जणींच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली. म्हणजे म्हातारी मांजर आणि दुखरे सांधे हे जवळजवळ ठरलेलंच.

औषधाआधी वजनाबद्दल बोलते, कारण तिथे आपलं प्रेमच आड येतं. आमचा राजा लॅब्रॅडॉर, वय ११. शिरा, तुपाची पोळी, चहाबरोबर बिस्किटं, घरातल्या पाच जणांचे पाच लाड. वजन ३८ किलो. डॉक्टरांनी गोळीच्या आधी त्याचं ताट कमी करायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मुक्या जिवाचं अन्न तोडायचं? तो तर अतिचार!’ त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध आहेच. पण त्याच यादीत अतिभारारोपणही आहे, जादा ओझं लादणं. झिजलेल्या खुब्यावर पाच किलो चरबी चढवणं हे ओझं नाही तर काय? उपाशी ठेवणं वेगळं आणि ऊणोदरी वेगळी. आपण स्वतःसाठी तिला तप म्हणतो.

याला आधारही आहे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला देत जन्मभर पाहिलं गेलं. कमी खाणारे सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. राजा आता ३३ किलोवर आलाय, आठ महिने लागले. मांजराचं खाणं मात्र एकदम तोडू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडतं.

आता औषध. आपल्या डब्यातली गोळी त्यांना कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्त तपकिरी पडतं, तोंड सुजतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. आणि हे आपल्या वयाच्या बायकांनी खास लक्षात ठेवायचं: गुडघ्याला वेदनेचं मलम चोळून मांजर मांडीवर घेऊ नका, मलमाचा हात त्यांच्यापुढे नेऊ नका. माणसाच्या अंगावरचं असंच एक मलम पोटात जाऊन मांजरं दगावली, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये इशारा दिला होता.

जनावरांच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासाठीची औषधं असतात. मेलोक्सिकॅम सर्रास दिलं जातं, पण वजनावर मोजून, खाण्याबरोबर, आणि आधी रक्त तपासून. उलटी झाली, शी काळी दिसली, तर पुढचा डोस थांबवून फोन करायचा. (जाता जाता, याच मेलोक्सिकॅमचं नाव आपल्या गिधाडांशीही जोडलेलं आहे. डायक्लोफेनॅक टोचलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं जवळजवळ संपली, तेव्हा २००६ मध्ये सरकारनं ते जनावरांसाठी बंद केलं आणि हे सुचवलं. एका जिवाची वेदना शमवताना दुसरा मरू नये, हा विचार आपल्याला परका नाही.)

खरी पंचाईत सप्लिमेंटची. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा खेकडा-कोळंबीच्या कवचातून काढतात, कॉन्ड्रॉइटिन गुरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेतून, ओमेगा-३ माशांतून. पहिल्या दोन्हींचा उपयोग होतो याचे पुरावे फारच लेचेपेचे आहेत, म्हणून ती न दिल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. ओमेगा-३ची गोष्ट वेगळी, त्याचा थोडाफार उपयोग दिसलेला आहे. जवस द्यावं म्हटलं तर जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात फार थोडं उपयोगी रूपात बदलतं, मांजराच्या जवळजवळ नाहीच. मग उरतं शेवाळापासून काढलेलं तेल. आमच्या मंडळात एकीनं लगेच आठवण करून दिली की शेवाळ अनंतकाय आहे. आहेच. पण एकेंद्रिय आणि पंचेंद्रिय यांत निवड आली तर मी शेवाळाकडे जाईन, आणि जाते. कुणाला तेही नको असेल तर राहू दे, पण मग डॉक्टरांनी लिहिलेली वेदनेची गोळी तरी चुकवू नये. त्या बाबतीत मी ऐकून घेत नाही.

घरातली फरशी हा न दिसणारा शत्रू. आपल्याला चकचकीत मार्बल हवा, त्यांचे पाय त्यावर फाकतात. त्याच्या नेहमीच्या वाटेवर, खाण्याच्या वाटीपासून झोपायच्या जागेपर्यंत, खाली रबराची जाळी घालून सतरंज्या टाका. तळव्यांमधले केस आणि नखं कापत जा. खिडकीपाशी एक स्टूल ठेवलं की मांजर दोन टप्प्यांत चढते. ट्रेची एक बाजू कापून कड खाली आणा. एकदम तासभर फिरवण्याऐवजी १०-१५ मिनिटं तीनदा फिरवा. पावसाळ्यात अंथरूण दमट राहू देऊ नका. फारसा खर्च नाही यात.

मी एक वही केलीय. रोज एक ओळ: किती वेळात उठला, जिना चढला का, गोळी दिली का. डॉक्टर १५ दिवसांनी विचारतात तेव्हा ‘बरा आहे’ या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो, वहीचा होतो. सूनही आता त्यात लिहिते. एखाद्या आठवड्यात वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त भरले, तर औषध बदलायला किंवा जोडीला दुसरं द्यायला सांगता येतं. वेदना एका गोळीनं आटोक्यात येत नसेल तर गॅबापेंटिनसारखी जोडीची औषधं आहेत, ती डॉक्टरांना आपणहून विचारावीत.

एवढ्यात शिखरजीला जायचं ठरतंय. तुमच्यापैकीही काही जणी निघाल्या असतील. घरी राहणाऱ्याला औषध नुसतं ‘डबीत आहे’ म्हणून सांगू नका. वजन, डोस, वेळ, खाण्याआधी की नंतर, आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याच हातून एकदा देऊन बघा.