दुसरी गाडी, दुसऱ्या हाताची

घरात एक शहाणी गाडी असली, की दुसरी थोडी वात्रट घ्यायला हरकत नाही. शहाणी म्हणजे कोणती ते सांगायला नको. सीएनजीवर चालणारी, डिकीत सिलिंडर असल्यामुळे बॅगा मांडीवर घ्यायला लावणारी, पण कधी रस्त्यात न सोडणारी. लग्नकार्य, दवाखाना, गावची जत्रा सगळं तिनं उरकायचं. दुसरी रविवारी सकाळी सहाला, घरचे झोपेत असताना, पार्किंगमधून हळूच बाहेर काढायची. हल्ली ओळखीपाळखीतले बरेच जण या दुसरीबद्दल विचारतात. वय चाळिशीच्या पुढचं, घराचे हप्ते आटोक्यात आलेले, खिशात पाच ते आठ लाख. प्रश्न एकच: ‘जुनी हॉट हॅच घेऊ का?’

घ्या. पण शहाण्या गाडीचे निकष तिला लावू नका, नाहीतर फिरून तीच गाडी घरात येईल, फक्त लाल रंगात.

हॉट हॅच म्हणजे रोजच्या वापराची छोटी हॅचबॅक, तिच्यात ऐपतीपेक्षा मोठं इंजिन. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयनं १९७६ साली युरोपात ही चटक लावली. १.६ लिटरचं इंजिन, ११० हॉर्सपॉवर आणि वजन साडेआठशे किलोच्या आत. भाजी आणायलाही तीच आणि घाटात पळवायलाही तीच. आपल्याकडे हा प्रकार रुजला नाही, त्याला कारण आपली कंजुषी जितकी, तितकाच कर. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं आणि छोटी गाडी कोणती हेही ठरलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्या रेषेच्या वर गेलं की गाडी महाग. मग मोठं पेट्रोल इंजिन छोट्या गाडीत घालायचा उद्योग कोण करणार? मानेसरला स्विफ्ट लाखांनी तयार झाल्या, पण स्विफ्ट स्पोर्ट इथल्या शोरूममध्ये कधी आली नाही. २०१६ मध्ये पोलो जीटीआय परदेशातून तयार होऊन आली ती फक्त ९९. तीन दारांची, किंमत पंचवीस लाखांच्या वर. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली, तिची किंमत ५० लाखांच्या पुढे. त्या आपल्या गप्पांसाठी.

आपल्या खिशात बसणाऱ्या मोजक्याच. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, २०१५ ची अबार्थ पुंटो, २०१७ ची बलेनो आरएस, २०१८ ची टियागो जेटीपी, २०२१ ची आय ट्वेंटी एन लाइन. त्याही आधीची पालिओ १.६ हौशी लोक अजून जपून आहेत, पण ती आता गाडी कमी आणि छंद जास्त. नव्या असताना यातल्या बहुतेक गाड्यांना गिऱ्हाईक बेताचंच होतं, कारण शोरूममध्ये पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा. आज जुन्या बाजारात त्यांच्यावर उड्या पडतात. नवीन असताना शेजाऱ्याला विचारून घेतली नाही, ती गाडी आता शेजारी विकतोय का, म्हणून लोक विचारत फिरतात.

यातल्या दोन आपल्या पुणे जिल्ह्यातल्या. पोलो चाकणची, पुंटो रांजणगावची. मला विचाराल तर मन अबार्थवर. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, चाकांवर आणि नाकावर विंचू. स्टिअरिंग जुन्या हायड्रॉलिक पद्धतीचं, म्हणजे रस्त्यातला खडा न खडा तळहाताला सांगणारं. कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना पहिल्यांदा काहीच होत नाही. अडीच हजार आरपीएमच्या खाली ही गाडी चक्क आळशी आहे. मग टर्बो भरतो, पाठ सीटला चिकटते आणि माणूस गाडीत एकटाच हसतो. डावा पाय टेकायला मात्र नीट जागा नाही. क्लच आणि मधल्या कन्सोलच्या मध्ये पाऊल तिरकं कोंबावं लागतं. एवढा खर्च करणाऱ्यांना एक पावलापुरती जागा का सापडली नसेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

अडचण पुढची आहे. अबार्थ पुंटो बनवणाऱ्या फियाटनं इथली आपल्या नावाची गाडीविक्री गुंडाळली. इंजिनाचं काम त्याच इंजिनाच्या लिनिया टी-जेटमुळे थोडंफार निभावतं, पण बंपर, हेडलाइट, आतली प्लास्टिकं यांच्यासाठी फोनाफोनी करावी लागते. गाडी पंधरा दिवस गॅरेजला उभी राहू शकते. पण ही दुसरी गाडी आहे! शहाणी गाडी दारात उभी असताना हिनं पंधरा दिवस सुट्टी घेतली तर बिघडत नाही. एकुलती एक गाडी म्हणून अबार्थ घेणाऱ्याला मी हात जोडतो. दुसरी म्हणून घेणाऱ्याला एवढंच विचारतो, फियाटवर हात बसलेला मिस्त्री तुमच्या गावात आहे का? पुण्यात असे सापडतात. नंदुरबारला राहत असाल तर आधी मिस्त्री शोधा, मग गाडी.

पोलोचं गणित वेगळं. जीटी टीएसआय १.२ लिटरची, १०५ हॉर्सपॉवरची, पण जोडीला सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालायला लोण्यासारखा, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो, आणि त्याचा गिअर बदलणारा मेकॅट्रॉनिक गेला की बिल लाखात जातं. अशी गाडी बघताना वेगात पळवू नका. चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवरचा पाय हलका करून रांगवा. थरथरली किंवा धक्के दिले तर तिथंच नमस्कार. त्यापेक्षा २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय बघा: तीन सिलिंडर, ११० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल. आवाज थोडा खरखरीत, पण वजन कमी आणि दुखणी कमी. पोलो बंद झाल्यापासून मालक भाव जरा चढाच सांगतात. तो सांगू द्यावा आणि आपण हळूहळू खाली आणावा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बलेनो आरएस नुसत्या बलेनोपेक्षा कितीतरी मजेची, शिवाय सर्व्हिस तालुक्याच्या गावातही होते. मात्र २०२३ मध्ये कंपनीनं आरएसच्या ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्युम पंपासाठी रिकॉल काढला होता. ते काम झालंय का, हे चेसिस नंबर देऊन शोरूममधून विचारून घ्या. टियागो जेटीपी ११४ हॉर्सपॉवरची, कोइंबतूरच्या जयेमच्या हातून तयार झालेली, स्वस्त आणि खट्याळ, पण मुळात संख्येनं कमी. मिळाली तर नशीब. एन लाइन सगळ्यात नवी आणि सगळ्यात शहाणी. आणि शहाणी गाडी तर तुमच्याकडे आहेच.

आता गाडी बघायची कशी. फोनवर मालकाला सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं, कारण थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि पहिला धूर बरंच काही बोलून जातात. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. मग टायर. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकानं टर्बोच्या तेलातही असंच भागवलं असणार. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं उडालाय का, तेही बघा. उडाला असेल तर बॉनेट कधीतरी उतरलंय, आणि ते का उतरलं हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

पुराच्या गाड्या हा आपल्याकडचा खास विषय. २०१९ ला कोल्हापूर-सांगली आणि २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात उभ्या राहू शकतात. गालिचा बदलता येतो, सीट धुता येते, सुगंधी बाटली लावता येते. पण सीटबेल्ट कुणी पूर्ण बाहेर काढून धूत नाही. तो शेवटपर्यंत ओढा. टोकाच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर गाडी कितीही चकाचक असो, मागे फिरा. सीटच्या खालच्या रुळांवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आहे का, तेही बोट फिरवून बघा.

जाहिरातींतली भाषाही वाचायला शिका. ‘डॉक्टरांची गाडी’, ‘लेडीज यूज’, ‘फक्त मंदिरापर्यंत’. अहो, १४५ हॉर्सपॉवर घेऊन मंदिरापर्यंत कोण जातं? मला तर मालक खरं बोलला तर जास्त आवडतं. ‘घाटात पळवलीय, पण तेल वेळेच्या आधी बदललंय, ही बिलं’ असं सांगणाऱ्याची गाडी घ्यावी. उलट रीमॅप केलेली, सायलेन्सर बदललेली, स्प्रिंग कापून खाली बसवलेली गाडी टाळावी. सॉफ्टवेअर बदलून वाढवलेली ताकद क्लच आणि गिअरबॉक्सच्या जिवावर येते, आणि विकताना सॉफ्टवेअर गुपचूप पूर्ववत करता येतं. शिवाय मूळ नोंदणीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच.

कागदपत्रांचं नेहमीचंच. एमपरिवहनवर नंबर टाकून मालक, बोजा, विमा, थकलेले चलान बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे धरून भाव ठरवा.

आणि सगळे पैसे गाडीत घालू नका. सात लाख असतील तर साडेपाच-सहाची गाडी बघा. उरलेले पहिल्या वर्षातच टायर, बुश, ब्रेक पॅड, कूलंटच्या नळ्या, बॅटरी यांत जातील. पळवलेली गाडी घेतोय म्हटल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.

तेव्हा बहुतेकांसाठी माझं उत्तर पोलो १.० टीएसआय मॅन्युअल, कंपनीतून आली तशी, एकाच मालकाची. जवळ मिस्त्री आणि पोटात धीर असेल तर अबार्थ. वॉरंटी नसलेली डीएसजी कुणीही घेऊ नये, माझ्या सख्ख्या मेहुण्यानंसुद्धा. आणि कोणतीही घ्या, टोकन देण्याआधी गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालून बघा. मालक नाही म्हणाला, तर चहा घेऊन घरी या.