गावाकडच्या कपाटातला पेन ड्राइव्ह

ऑफिसच्या बॅगेचा पुढचा कप्पा जरा उघडा. पार्किंगची चुरगळलेली पावती, च्युइंगमचं रिकामं पाकीट आणि तळाशी टोपण हरवलेला एक पेन ड्राइव्ह. त्यात काय आहे? ‘असेल कुठलंतरी प्रेझेंटेशन.’ मग टेन्शन नॉट! ते मेलमध्ये आहे, क्लाउडवर आहे, बॉसच्या लॅपटॉपवरही आहे. हरवलं तर हरवलं.

टेन्शन घ्यायचं ते दुसऱ्याच पेन ड्राइव्हचं. तो तुमच्या बॅगेत नाही, गावाकडे आहे. आईच्या कपाटात, दागिन्यांच्या शेजारी किंवा रेशन कार्डाच्या पिशवीत. त्यात ताईच्या लग्नाचं शूटिंग आहे, शेताच्या कागदांचे स्कॅन आहेत, आज हयात नसलेल्या कुणाचातरी आवाज आहे. आणि त्याची दुसरी कॉपी कुठेच नाही.

माझं गाव जळकोट. लातूर जिल्ह्याच्या टोकाला, एका बाजूला उदगीर, दुसऱ्या बाजूला नांदेडचं मुखेड. आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगची कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला. स्टुडिओवाला अल्बमसोबत तो छोट्या डबीत घालून देतो. आई ती डबी साड्यांच्या घडीखाली सारते आणि वर सांगते, ‘जपून ठेवलंय गं, कुलपात हाय.’ सोन्यासाठी हा हिशोब एकदम बरोबर. सोनं वीस वर्षं कुलपात राहिलं तरी सोनंच राहतं. डेटाचं तसं नाही.

माठ झिरपतो, तसा

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड, दोघांच्या पोटात एकच गोष्ट असते: फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८०च्या दशकात शोधली. पेन ड्राइव्ह बाजारात आले ते २००० साली. तेव्हाची ऐट होती ८ एमबीची! आजच्या मोबाइलचे दोन-तीन फोटो टाकले की फुल.

या चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात, आणि ते किती आहेत यावरून तुमचा फोटो किंवा व्हिडिओ वाचला जातो. कप्प्याच्या भिंती चांगल्या असतात, पण अगदी पक्क्या नसतात. माठातलं पाणी जसं हळूहळू झिरपतं, तसे हे इलेक्ट्रॉन निसटत राहतात. उष्णता वाढली की निसटण्याचा वेग वाढतो. ड्राइव्हवर वारंवार लिहिलं-पुसलं की भिंती झिजतात. त्यात स्वस्त चिपमध्ये एकाच कप्प्यात तीन-तीन, चार-चार बिट कोंबलेले असतात, म्हणजे थोडीशी गळतीही वाचताना घोळ घालू शकते.

घाबरायचं कारण नाही. चांगल्या कंपनीच्या, कमी वापरलेल्या ड्राइव्हमध्ये डेटा अनेक वर्षं टिकतो. पण जेडेक या संस्थेचं एक मानक लक्षात ठेवण्यासारखं आहे. घरगुती वापराच्या एसएसडीचं ठरलेलं आयुष्य वापरून संपल्यानंतरही तिने ३० अंश तापमानात, वीज न देता, एक वर्ष डेटा सांभाळावा, अशी त्यात अपेक्षा आहे. मानक एसएसडीचं असलं तरी आतली मेमरी त्याच जातीची. आणि ३० अंश? लातूर-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या लोखंडी कपाटात काय होत असेल, ते सांगायला नको.

ठेवायचं कुठे?

घरातली सगळ्यात थंड खोली शोधा. जुनं माळवदाचं घर असेल तर आतली खोली बेस्ट. पत्र्याखाली, इन्व्हर्टरवर, सेट-टॉप बॉक्सजवळ अजिबात नको. आणि शहरातल्या मंडळींनो, कारचा डॅशबोर्ड तर बिलकूल नको. उन्हात बंद गाडीत तो ७० अंशांपर्यंत तापू शकतो.

थंड हवं म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढलं की दव धरतं आणि पाणी थेट सर्किटवर. तांदळाच्या डब्यातही नको, तिथे बारीक भुकटी असते. घट्ट झाकणाची डबी घ्या आणि नव्या बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी त्यात टाका. झालं काम.

मेमरी कार्ड त्याच्या प्लॅस्टिकच्या केसमध्येच ठेवा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, घामाने त्या खराब होतात. डबीवर चिठ्ठी लावा: कशाचं, कधीचं. ‘लग्न’ एवढंच लिहिलंत तर पाच वर्षांनी कुणाचं म्हणून सगळं घर शोधत बसेल.

आणि स्पीकरच्या लोहचुंबकाची भीती सोडा. ती फ्लॉपी आणि कॅसेटच्या जमान्यातली. फ्लॅश मेमरीला साध्या चुंबकाने काही होत नाही, विमानतळावरच्या एक्स-रे मशीननेही नाही.

दिवाळीची साफसफाई

वर्षातून एकदा ड्राइव्ह बाहेर काढा. नुसता लॅपटॉपला लावून परत ठेवू नका, त्याने डेटा ताजा होईलच असं नाही. सगळ्या फाइल लॅपटॉपवर कॉपी करा, चार-पाच उघडून बघा आणि मग परत ड्राइव्हवर लिहा. माठ पुन्हा भरला. कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढायचा नाही. ‘इजेक्ट’वर क्लिक करायला दोन सेकंद लागतात. ड्राइव्ह पाच-सहा वर्षांचा झाला असेल तर नवा घ्या. पण तीनशे रुपयांत १ टीबी म्हणून कुणी विकत असेल तर समजून जा: आत चिप छोटी असते, आकडा खोटा असतो आणि जास्तीच्या फाइल शांतपणे गायब होतात.

दुसरं गाव, दुसरी कॉपी

इतकं सगळं सांभाळूनही डबी एकच असेल तर उपयोग नाही, आणि हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. जी वाचली, त्यांच्यातल्या अनेकांकडे गेलेल्या माणसाचा एक फोटोही उरला नाही. आणि लांब कशाला जा? ऑगस्ट २०२५मध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात धुवाधार पाऊस झाला आणि हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. पुरात कपाट कुलूपबंद होतं की उघडं, याने काय फरक पडतो?

१९९३मध्ये फोटोची दुसरी प्रत काढायला पैसे लागायचे, निगेटिव्ह लागायची. आज पाच मिनिटं लागतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला एक नियम आहे, ३-२-१. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या भाषेत: एक जळकोटच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर, एक तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमधल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. आधार, मार्कशीटसाठी २०१५पासून डिजिलॉकर आहेच. ओळखपत्रांचे स्कॅन पेन ड्राइव्हवर ठेवणार असाल तर पासवर्ड लावा, ड्राइव्ह हरवायला वेळ लागत नाही.

आमच्या घरी २ जीबीचं एक मेमरी कार्ड होतं, जुन्या बटणवाल्या मोबाइलमधलं. त्यात चुलतभावाने रेकॉर्ड केलेला आजोबांचा आवाज. रझाकारांच्या काळात रात्री घर सोडून कुठे लपायचो, १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर गावात काय झालं, मधेच खोकला, मधेच आजीचं ‘आता पुरे करा की’. आजोबा गेल्यावर ते कार्ड बरीच वर्षं कपाटात होतं. गेल्या वर्षी कार्ड रीडरला लावलं तेव्हा चौदापैकी बारा क्लिप चालल्या. दोन उघडल्याच नाहीत. त्या दोनमध्ये ते काय बोलले होते, हे आता घरात कुणालाच आठवत नाही. उरलेल्या बारा क्लिप त्याच दिवशी तीन शहरांत पोचल्या.

बिघडलं तर?

कार्ड वाचता येत नसेल तर त्यावर नवं काही टाकू नका आणि ‘फॉरमॅट करू का?’ या प्रश्नाला आधी ‘नो’ म्हणा. फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर बऱ्याचदा फाइल बाहेर काढतं. कार्ड चिखलात पडलं असेल तर स्वच्छ पाण्याने हळूच धुवा आणि सावलीत दोन दिवस पूर्ण सुकू द्या. हेअर ड्रायर नको, ओलं असताना लावून बघणं तर नकोच.

आणि हो, गावाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागवला म्हणजे कॉपी झाली, असं समजू नका. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून छोटा केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आहे तसा येईल.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बॅगेत लॅपटॉप आणि कार्ड रीडर टाका. निघताना आई लोणच्याची बरणी देईलच. त्याआधी कपाट उघडायला सांगा.