मिनी काश्मीर कुणाचं?

तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणणं आपण बंद करायला हवं. शिवसागर हा निसर्गाने दिलेला तलाव नाही. १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाचं हे पाणी आहे. त्याखाली गावं आहेत. त्यातलं एक माझ्या आजी-आजोबांचं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन आम्ही सगळे तिथे गेलो. बोटीच्या दरपत्रकावर सगळे पॉइंट होते, बुडालेल्या एकाही गावाचं नाव नव्हतं. आजोबा पाण्याकडे हात करून भावकीची घरं मोजत होते. शेजारची पोरं रील काढत होती. पोरांवर राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

‘विकासासाठी कुणीतरी त्याग करतंच’ हे मला ऐकवू नका. त्याग स्वखुशीने होतो. इथे विचारलं कुणी? महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये, धरणानंतर बारा वर्षांनी. तोवर वीज राज्यभर पोचली होती आणि गावकरी ठाणे, रायगड, सोलापूरकडे पांगले होते.

स्मारक नको. प्रत्येक बोट क्लबवर बुडालेल्या गावांची यादी लावा. पर्यटन खुशाल चालू दे. पण बोट कुणाच्या उंबऱ्यावरून जातेय, एवढं तरी कळू दे.