‘किती पाडले?’

9 मे 2025 रोजी सकाळी चंडीगडमध्ये सायरन वाजला. आदली रात्र शहराने ब्लॅकआउटमध्ये काढली होती. 10 तारखेला संध्याकाळी 5 वाजता लढाई थांबली आणि काही दिवसांत सुखना लेकवर पुन्हा फिरणाऱ्यांची गर्दी झाली. शहर लवकर सावरलं. माणसाचं तसं होत नाही.

माझ्या सातारा जिल्ह्यातला एक 23 वर्षांचा पोरगा तेव्हा पंजाबात एल-70 तोफेवर होता. 40 मिमीची ही तोफ आपल्याकडे साठच्या दशकापासून आहे. नवे सेन्सर लावून ती आता ड्रोन पाडते. त्याने शत्रू पाहिलाच नाही. पडद्यावरचा ठिपका पाहिला आणि घरघर ऐकली. ड्रोन थव्याने येतात. काही तर नुसते आपली रडार आणि तोफा कुठे आहेत हे हुडकायला सोडलेले असतात. कोणता रिकामा, कोणता स्फोटकं घेऊन आलेला, हे कळेपर्यंत वेळ नसतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

जूनमध्ये तो रजेवर गावी गेला. चुलत बहिणीच्या लग्नात व्हिडिओवाल्याने ड्रोन उडवला. घरघर ऐकताच याने शेजारच्या दोन लहान पोरांना बखोटीला धरून भिंतीआड नेलं. मांडव हसला. कुणीतरी विचारलं, “काय रे, तिकडे किती पाडले?” तो न जेवता घरी निघून गेला.

परतताना तो मला चंडीगडला भेटला. म्हणाला, “साहेब, मी घाबरलो नव्हतो. पण आईला तसं वाटलं.”

मी म्हणालो, “होईल ठीक.” माझ्या सीनियरनी मला हेच सांगितलं होतं. आज ते उत्तर मला अपुरं वाटतं. खडकवासल्याला आम्हाला लढाईवर जायचं कसं हे तीन वर्षं शिकवलं. परत यायचं कसं, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

आमच्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. त्या युद्धातून जे वाचले ते बोटीने, बरोबरीच्या जवानांसोबत परतले. प्रवासात बोलायला वेळ होता. आजचा जवान तोफेवरून उठून झेलम एक्स्प्रेसने दोन दिवसांत मांडवात पोचतो, एकटा.

काही माजी सैनिक म्हणतील, हे लाड आहेत, कारगिलनंतर आमचे कुणी केले? बरोबर आहे, कुणी केले नाहीत. पण त्या वर्षी तुम्ही रात्री कसे झोपायचात, हे एकदा घरात विचारून बघा.

माझं म्हणणं साधं आहे. रजेवर सोडण्याआधी त्या तोफेच्या सगळ्या पोरांना तीन-चार दिवस एकत्र ठेवावं, झोपू द्यावं, बोलू द्यावं. आणि गावातल्या माजी सैनिकांनी सत्कार आठवडाभर लांबवावा. हार-फेटे पळून जात नाहीत. हळद अंगावर असताना रुजू व्हायला निघालेल्या जवानांचे फोटो आपण घरोघर पाहिले. तो परत येईल तेव्हा एखाद्या जुन्या हवालदाराने त्याच्या ओट्यावर चहाला जाऊन बसावं.

किती पाडले, हे विचारू नका. झोप लागते का रे, एवढंच विचारा. उत्तराची घाई करू नका.

जय हिंद.