वाद आणि वादन

संगीताची आवड असलेल्या डॉक्टर मंडळींना एक चिवट व्याधी हमखास जडते : उपकरणज्वर. पालिताणा रीड गोड की जर्मन, स्केलचेंजर हवा की नको, मिरजेचा तानपुरा बरा की इलेक्ट्रॉनिक, यावर असे वाद झडतात की रक्तदाबमापक जवळ असलेला बरा! पेटीवर मात्र तोवर धूळ साचते.

पेटीवरचा सर्वांत मोठा वाद सरकारदरबारी झाला. तिच्यातून मींड निघत नाही, स्वर ठरीव असतात, अशा आक्षेपांमुळे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली; ती १९७१ च्या सुमारास शिथिल झाली. आक्षेप निराधार नव्हते. तरीही पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी बेळगावात याच पेटीची आयुष्यभर साधना केली, शिष्य घडविले. तिकडे वाद चालला, इकडे वादन.

आपल्या व्यवसायातही तेच. १८१६ साली लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. सुरळी साधी होती. कान तयार होता.

वाद्य चांगले असावे, हे मान्यच. फुटक्या भात्याची पेटी नवशिक्याचा उत्साह मारते. परंतु वडगावात दवाखाना आटोपल्यावर डॉक्टराच्या हाती जेमतेम एक तास उरतो. तो वादात घालवायचा की वादनात? आमचे औषध सोपे आहे : एक पेटी, एक राग, एक वर्ष. पथ्य : नवे कॅटलॉग वर्ज्य.