पेणच्या हाताला रक्ताचं श्रेय कशाला?

चित्रकला शिकवून येत नाही, ती अंगातच असावी लागते, असं म्हणणारे लोक दाखल्याला हमखास गणेशमूर्तींचं पेण काढतात. पेणकरांच्या रक्तातच गणपती आहे म्हणे! मला हे साफ अमान्य आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या एखाद्या कारखान्यात तासभर बसून पाहावं. नवा पोरगा साच्यातून निघालेल्या मूर्तीचे जोड घासत असतो. पुढे अस्तर, मग अंगाचा रंग, मग पीतांबर. डोळ्यांच्या आखणीचा कुंचला हाती यायला वर्षं जातात, कारण भुवईची रेघ केसभर सरकली तरी मुखावरचा भाव पालटतो. ही कमाई आहे. तिला रक्ताचा वारसा ठरवलं की कारागिराचे कष्ट पुसले जातात आणि रोह्यातल्या एखाद्या मुलीला ‘तुझा हातच नाही’ म्हणायला शाळा मोकळी होते.

दुसरे म्हणतात, सरावाला जुंपलं की प्रतिभा मरते. मुलांना मोकळं सोडा. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षेमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी कितीतरी मुलं स्मरणचित्रातला बसथांबा पाठ करून जातात. पण तो न पाहता केलेल्या सरावाचा दोष. मोकळं सोडलेलं मूलही रोह्यात कुंडलिका नदीकाठी राहून दोन त्रिकोणी डोंगर आणि मधला सूर्यच काढतं. नदीकडे नीट बघ, असं त्याला कुणी म्हटलेलंच नसतं.

या दोन्ही पक्षांनी सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ हा 1972 चा माहितीपट पाहावा. शांतिनिकेतनात राय ज्यांच्याकडे शिकले, त्या बिनोदबिहारी मुखर्जींवर तो आहे. मुखर्जींची दृष्टी जन्मापासूनच अधू. नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते तयार झाले, पुढे स्वतः शिकवू लागले. पन्नाशीनंतर उरलीसुरली नजरही गेली. तरी हात थांबला नाही. चाचपत आकार घडवणारी त्यांची बोटं पडद्यावर दिसतात. याला नुसती देणगी म्हणायचं, तर आधीची तीसेक वर्षं त्यांनी जे पाहिलं, रेखाटलं, त्याचा हिशेब कुठे मांडायचा?

म्हणून रोह्यातल्या शाळांकडे माझं मागणं सरळ आहे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देणं बंद करा. पेण आणि रोहा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. सातवीचा वर्ग कारखान्यात न्या, आखणी करणाऱ्याच्या शेजारी बसवा आणि त्याच्या मनगटाची हालचाल मुलांना कागदावर उतरवू द्या. मात्र गणपतीआधी नको, तेव्हा तिथे मान वर करायला सवड नसते; दिवाळीनंतर जा.