घरखरेदीत मध्यस्थ : कोणत्या कामासाठी?

घर घेताना मध्यस्थ असावा की नसावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा दलालीच्या टक्क्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. भिलाईसारख्या पोलादनगरीत मात्र हा प्रश्न काहीसा निराळ्या स्वरूपात उभा राहतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढील दशकांत विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली आणि निरनिराळ्या सेक्टरांतील क्वार्टरांमध्ये स्थिरावली. घर वाटपाने मिळत असे. छप्पर गळले वा मोरी तुंबली, तर कारखान्याच्या नगर विभागाकडे तक्रार नोंदविली की पुरे. साहजिकच घराची किंमत करणे, सातबाराच्या धर्तीचे उतारे वाचणे, विक्रेत्याशी घासाघीस करणे या गोष्टींशी संबंधच आला नाही. वयाच्या साठाव्या वर्षी क्वार्टर सोडण्याची वेळ येते, तेव्हा कुटुंबाचा कर्ता आयुष्यातील पहिलीच घरखरेदी करावयास निघतो. तीही भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांतून, म्हणजे पुन्हा उभ्या न राहणाऱ्या रकमेतून.

अशा खरेदीदाराला गाव ठाऊक असते, बाजार ठाऊक नसतो. नेहरूनगर, स्मृतिनगर, वैशालीनगर, रिसाली, जुनवानी, कोहका या वस्त्या त्याने हजारदा पाहिलेल्या असतात. परंतु तेथे कोणाला घर विकायचे आहे, मागील वर्षी शेजारचे घर कितीला गेले, उन्हाळ्यात बोअरचे पाणी टिकते की नाही, हे प्रॉपर्टी डीलरलाच अचूक माहीत असते. मध्यस्थाची ही उपयुक्तता नाकारणे अन्यायाचे होईल. मुले पुण्यात किंवा बंगळुरूत आणि आईवडील दोघेच भिलाईत, अशा कुटुंबासाठी महिनाभराची पायपीट चार दिवसांवर आणणारा माणूस मोबदल्यास निश्चित पात्र आहे.

तथापि हा मोबदला केव्हा मिळतो, हे लक्षात घ्यावयास हवे. तो व्यवहार पुरा झाल्यावर मिळतो. चाळीस लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे चाळीस हजार रुपये. कागदात खोट निघून व्यवहार मोडला तर शून्य. अत्यंत सचोटीच्या माणसाकडूनही अशा स्थितीत स्वतःच्या विरोधात शोध घेण्याची अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. त्यातच पुष्कळदा तो विक्रेत्याकडूनही दलाली घेतो. कधी विक्रेता आपल्या हातात पडावयाची ‘नेट’ रक्कम सांगून मोकळा होतो आणि वरचा सारा फरक मध्यस्थाचा ठरतो. काही जण तर जमीनमालकाला बयाना, म्हणजे आपल्याकडील इसार, देऊन प्लॉट अडकवून ठेवतात व स्वतःच्या नावावर न घेताच पुढे विकतात. असा इसम मध्यस्थ राहिलेला नसून व्यापारी झालेला असतो, इतकेच नव्हे तर त्याच्याविरुद्ध दाद मागताना खरेदीदाराच्या हाती कागद म्हणून काहीच नसते.

भिलाईत याचे गांभीर्य अधिक, कारण येथे ‘घर’ या एका शब्दाखाली मालकीचे अनेक प्रकार वावरतात. टाउनशिपमधील काही घरे कारखान्याने आजी-माजी कर्मचाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. तेथे हाती येतो तो भाडेपट्ट्याचा हक्क, जमिनीची मालकी नव्हे; तो हस्तांतरित करता येईल किंवा नाही आणि कोणाच्या परवानगीने, याचे उत्तर मूळ दस्तातच शोधावे लागते. तालपुरीसारख्या वसाहती छत्तीसगढ गृहनिर्माण मंडळाच्या. मंडळाकडून थेट घर घेताना मध्यस्थाचे प्रयोजनच उरत नाही. सर्वांत नाजूक प्रकार शहराच्या कडेचा. कालपर्यंत जेथे भाताची खाचरे होती तेथे आज मुरमाचे रस्ते आखून प्लॉट विकले जातात. अशा ठिकाणी खसरा व बी-१ हे उतारे राज्याच्या ‘भुइयां’ संकेतस्थळावर पाहता येतात. शेतजमिनीचा वापर बदलण्याची रीतसर कार्यवाही, ज्याला तेथे ‘डायव्हर्शन’ म्हणतात, झाली आहे काय आणि अभिन्यासाला नगर व ग्राम निवेश विभागाची मंजुरी आहे काय, हे पाहावे लागते. भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घेण्यावर कडक निर्बंध आहेत. शासनाने पट्ट्याने दिलेल्या जमिनीलाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट आहे. ‘सब चलता है’ या आश्वासनावर येथे विसंबता येत नाही. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

‘बँक कागद तपासतेच की,’ असे यावर अनेक जण म्हणतात. कर्ज घेतले असेल तर बँकेचा वकील मालकीचा शोध घेतो, हे खरे. पण तो अहवाल बँकेच्या तारणाची काळजी वाहण्यासाठी असतो, खरेदीदाराच्या प्रत्येक शंकेचे उत्तर देण्यासाठी नव्हे. शिवाय निवृत्त होणारी व्यक्ती बहुतेक वेळा कर्ज घेतच नाही. डोक्यावर हप्ता नको, ही भावना समजण्याजोगी आहे. मात्र त्यामुळे घडते असे की आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम ज्या कागदांवर खर्च होते, ते कागद मध्यस्थाशिवाय कोणीही वाचलेले नसतात. कर्ज काढणाऱ्या तरुण कर्मचाऱ्यापेक्षा रोखीने घेणारा निवृत्त कर्मचारी याच कारणाने अधिक उघडा पडतो.

स्थावर संपदा कायदा २०१६ मुळे आता मध्यस्थांची नोंदणी होते, हा दिलासा आहे, पण त्याची मर्यादा फार थोड्यांना माहीत असते. नोंदणीची सक्ती आहे ती या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पांतील सदनिका वा भूखंड विकणाऱ्या मध्यस्थांना. विनानोंदणी काम केल्यास दररोज दहा हजार रुपयांप्रमाणे दंडाची तरतूदही आहे. नेहरूनगरातील पंचवीस वर्षांचे जुने घर मूळ मालकाकडून घेताना मात्र हे कवच लागू होत नाही आणि भिलाईत निवृत्तांचा ओढा अशाच घरांकडे असतो. महाराष्ट्रात महारेराने मध्यस्थांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही अनिवार्य केली. तो स्तुत्य पायंडा इतर राज्यांनीही उचलावयास हरकत नाही. तरी परीक्षा उत्तीर्ण झालेल्याचाही मोबदला व्यवहार पुरा होण्यावरच अवलंबून राहतो.

म्हणून मध्यस्थ घ्यावा, परंतु घर शोधण्यासाठी व भाव ठरविण्यासाठी. कागद तपासण्याचे काम दुर्गच्या न्यायालयात दिवाणी दावे चालविणाऱ्या, मध्यस्थाने न सुचविलेल्या वकिलाकडे सोपवावे आणि त्याची फी व्यवहार होवो वा न होवो, द्यावी. ही फी वाचविण्याकडे कल असतो. वस्तुतः साऱ्या खर्चांत सर्वांत सार्थकी लागणारा खर्च तोच. केंद्रीय तारण नोंदणी संस्थेच्या, म्हणजे ‘सरसाई’च्या, नोंदींत ते घर आधीच कोठे गहाण आहे काय, हे अल्प शुल्कात पाहता येते, तेही वकिलाकडून करवून घ्यावे. विक्रेता कारखान्यातीलच जुना सहकारी असेल, वसाहत जुनी व परिचित असेल, तर मध्यस्थाविनाही भागेल. वकिलाविना भागणार नाही.

मध्यस्थाशी एक पानाचा का होईना, लेखी करार असावा. दलाली किती, ती दोन्ही बाजूंकडून घेतली जाणार आहे काय, त्या घरात त्याचा स्वतःचा इसार गुंतला आहे काय, हे त्यात यावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रतिनिधीने मालकाला न कळविता स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातून झालेला लाभ मालक मागू शकतो. पण हा इसम आपला प्रतिनिधी होता, हे आधी सिद्ध करावे लागते. दलालीचा छोटा भाग इसारपावतीच्या वेळी, उरलेला नोंदणीनंतर महसुली दप्तरात नामांतरण झाल्यावर द्यावा. ही अट ऐकताच जो मध्यस्थ नाराज होतो, त्याच्याकडून घरांची यादी तेवढी ऐकून घेऊन चहा पिऊन उठावे.